मायच्या तोंडाचा इलाज

वऱ्हाडात माणसानं तिखट सोडलं की घरात चौकशी होते. मायनं गेल्या श्रावणात सोडलं. ठेचा ताटाबाहेर सारायची, भाजीला हात लावायची नाही, नुसत्या वरणात भाकर कुस्करून खायची. विचारलं तर "तोंड आलं" एवढंच. निंदणाचे दिवस होते. बायांच्या टोळीसोबत ती रोज वावरात जायची आणि दिवसभर डाव्या गालफडात काही ना काही धरलेलं असायचं. तंबाखू-चुना तिचा लग्नाच्याही आधीपासूनचा. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, अलीकडचा. बसस्टँडवर पन्नीत घोटून मिळतो, टोळीतली एखादी आणते आणि मग सगळ्यांत वाटला जातो. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, पण खर्रा गिऱ्हाइकासमोर घोटून देतात. त्याला ना पाकीट, ना पाकिटावरचं चित्र.

पुरुषाच्या तोंडात जखम झाली की गाव लगेच कॅन्सरचं नाव काढतं. बाईच्या बाबतीत तसं होत नाही. बाया खातात हे सगळ्यांना माहीत असतं, पण कोणी बोलत नाही.

मोटरसायकलवर गावोगाव फिरणारे एक डॉक्टर आमच्याकडे येतात. त्यांनी उष्णता सांगितली, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, तोंडात लावायचं जेल दिलं. तोंड उघडून पाहायला टॉर्च काही काढली नाही. पोळा झाला तरी जखम तशीच. मग डावा कान दुखायला लागला, म्हणून कानात टाकायचे थेंब आले. मग खालची एक दाढ हलायला लागली. तेव्हा माय स्वतःच म्हणाली, "हे दाढच काढून टाकू, सारं तिच्यापायीच हाय."

माझं तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, असली कामं. दुकानाच्या लायनीतच दाताचे एक तरुण डॉक्टर बसतात. मायला तिथं नेलं. त्यांनी आधी मायचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला लावली. दोनच गेली. तोंड पुरतं उघडत असेल तर स्वतःची तीन बोटं जातात, असं ते म्हणाले. सुपारीनं गाल आतून पांढरा पडतो, कडक होतो आणि तोंड हळूहळू आवळत जातं. मी म्हणालो, सुपारीनं? दोष तंबाखूचा ना? तर म्हणाले, सुपारी एकटीही कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच तसं छापून सांगितलंय. खर्ऱ्यात तर दोन्ही.

मग त्यांनी आरशानं गाल बाजूला ओढला आणि हातमोज्याचं बोट जखमेच्या कडेवरून फिरवलं. रक्त आलं. मागे उभं राहून जबड्याखाली आणि मानेवर दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिलं. शेवटी हातमोजे काढले आणि म्हणाले, "मावशी, ही दाढ मी काढणार नाही."

माय चिडली. एवढ्या दूर आणून दाढ काढत नाही म्हणजे काय! पण त्यांनी तिच्याच समोर नीट सांगितलं. साधं तोंड आलं तर खूप झोंबतं, पण दोन हप्त्यांत भरून येतं. ही जखम दोन महिन्यांपासून आहे, कडा उचललेल्या आणि कडक आहेत, हात लागला की रक्त येतं. दाढ किडलेली नाही. तिच्या खालचा आधार गेल्यामुळे ती हलते आहे. ती उपटली तर खड्डा भरणार नाही आणि त्याची वाट पाहण्यात अजून महिना जाईल. कानही ठीकच असावा, कारण तोंडातलं दुखणं त्याच बाजूच्या कानात उमटतं. चिठ्ठी लिहून दिली: नागपूर, शासकीय दंत महाविद्यालय, बायोप्सी.

या माणसानं त्या दिवशी दाढ काढून पैसे घेतले असते तर आम्ही खुशीत घरी आलो असतो.

बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणं, हा शब्द घरात आला तसा मामा आला. त्याचं म्हणणं ठरलेलं: चाकू लागला की गाठ पसरते. गावात निम्म्या लोकांचं हेच मत आहे. त्याच्या ओळखीचा एक वैदू पाला वाटून लावतो, अमुकतमुकाचं तोंड त्यानंच बरं झालं. मी दंत महाविद्यालयातल्या मॅडमना थेट विचारलं. त्या म्हणाल्या, तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही; लोक तुकडा काढायच्या भीतीनं महिने घालवतात, त्या काळात तो आपोआप पसरतो आणि नाव तुकड्याचं होतं. मामाला हे पटलं की नाही कोण जाणे, पण तो गप्प बसला. प्रत्यक्षात बायोप्सी फार छोटी गोष्ट निघाली. जागा बधिर केली, जखमेच्या कडेचा दाण्याएवढा तुकडा घेतला, टाका घातला, थोडा वेळ कापूस दाबून धरायला लावला. माय त्याच दिवशी एसटीनं परत आली. बायांना अर्धं तिकीट असल्यानं तिला तेवढाच आनंद.

रिपोर्टवर लिहिलं होतं, मॉडरेटली डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तोंडाच्या आतलं जे अस्तर असतं त्याच्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडचे तोंडाचे बहुतेक कॅन्सर याच जातीचे. डॉक्टर मला बाहेर बोलावून सांगत होते, तर आतून मायचा आवाज: "मले क्यान्सर झाला नं? मंग बाहीर काय खुसुरपुसुर करून राह्यले?" तेव्हापासून आम्ही एकही गोष्ट तिच्यामागे बोललो नाही. ते बरंच झालं, कारण पुढची निम्मी कामं तिनंच करायची होती.

दवाखाना कोणता, हा पुढचा प्रश्न. नागपुरात मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे, तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी. तुकडोजी महाराज स्वतः कॅन्सरनंच 1968 मध्ये गेले, म्हणून मायचा ओढा त्या नावाकडे. नातेवाइकांतले दोघे मात्र "मुंबईला टाटालाच न्या" म्हणून अडून बसले. ते स्वतः कधी मुंबईला राहिलेले नाहीत. आम्ही शेवटी नागपुरातलाच एक दवाखाना धरला. नाव मुद्दाम लिहीत नाही, माणसं नाव वाचून तिकडेच धावतात. आम्ही एवढंच पाहिलं की ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) दोन्ही एकाच छताखाली होतात का, सरकारी आरोग्य योजना लागू आहे का आणि सहा हप्ते राहणं झेपेल का.

तिथल्या बाकड्यावर बसून जे शिकलो ते कोणत्या कागदावर नाही. शेजारी पांढरकवड्याकडचे एक काका होते. त्यांच्या तोंडात काहीच नव्हतं, फक्त आवाज बसलेला. महिनाभर खोकल्याची औषधं घेतली, मग कोणीतरी कान-नाक-घसावाल्याकडे पाठवलं, त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं तर स्वरयंत्रावर गाठ. लवकर सापडली म्हणून ऑपरेशन न करता नुसत्या शेकावर भागणार होतं, आवाजही राहणार होता. दुसरी एक बाई मानेवरच्या गाठीसाठी आली होती. गाठ दुखत नव्हती म्हणून वर्षभर तिनं पाहिलंच नव्हतं. तीन हप्त्यांच्या वर बसलेला आवाज, गिळताना अडकणं, मानेवरची न दुखणारी गाठ, तोंडातला लाल किंवा पांढरा चट्टा: त्या बाकड्यावरची सगळी माणसं यांपैकी एकेका दारानं आत आलेली होती.

सीटी स्कॅनच्या आधी रक्त तपासून किडनी बरी आहे ना ते पाहिलं, कारण शिरेतून औषध सोडून फोटो काढतात. मानेतल्या गाठीतून सुईनं पाणी घेतलं. निकाल असा: गालातली गाठ खालच्या जबड्याच्या हाडात शिरलेली, मानेत एक गाठ कॅन्सरची, फुप्फुसं साफ. कागदावर स्टेज 4A.

चार आकडा वाचून माझे पाय गळाले. आमच्याकडे चौथी स्टेज म्हणजे माणसाला घरी न्या, असाच अर्थ घेतात. सर्जननी समजावलं की तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ हाडात गेली की आकार लहान असला तरी नंबर चौथाच लागतो. पण 4A म्हणजे अजून काढता येण्यासारखी, आणि बरं करायच्याच इराद्यानं ऑपरेशन करायची. दूर फुप्फुसात वगैरे गेली तर ती गोष्ट वेगळी, तिला 4C म्हणतात. हा फरक मला कोणी सांगितला नसता तर मामाचा वैदू जिंकला असता. सर्जन, शेक देणारे आणि केमोवाले डॉक्टर एकत्र बसून प्रत्येक पेशंटचं ठरवतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. मायचं ठरलं: आधी ऑपरेशन, मग शेक.

कागदांचं थोडक्यात सांगतो, माझा धंदाच तो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा आधी दीड लाख होती, आता 5 लाख आहे आणि राशन कार्ड कोणत्याही रंगाचं चालतं. दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथून मंजुरीची फाइल जाते. आमच्या राशन कार्डावर मायचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मी रोज दुसऱ्यांच्या याच दुरुस्त्या करतो म्हणून लवकर निपटलं. ज्याला हे ठाऊक नाही तो मंजुरीच्या दारात अडकून पडतो. योजनेत ऑपरेशन आणि शेक बसतं; खोलीचं भाडं, प्रोटीनची पावडर बसत नाही. ते पैसे मायच्या बचत गटानं कर्जाऊ दिले. बायांनी ठराव एका संध्याकाळी केला.

ऑपरेशनच्या आधी दाताच्या डॉक्टरांनी उरलेल्या दातांचा हिशेब केला. शेक दिल्यानंतर जबड्याच्या हाडाला रक्त कमी मिळतं, तेव्हा दात उपटला तर जखम भरत नाही, हाड सडतं. म्हणून खराब दात आधीच काढायचे. जन्मात पुन्हा दात काढायची वेळ आली तर तोंडाला शेक घेतलाय हे आधी सांगायचं, असं फाइलवर लाल पेनानं लिहून दिलं.

ऑपरेशन दिवाळीच्या आसपास झालं. सकाळी आत नेलं, दिवे लागले तेव्हा बाहेर आणलं. गालाचं आतलं अस्तर, डाव्या खालच्या जबड्याचा मागचा तुकडा आणि मानेतल्या त्या बाजूच्या गाठी काढल्या. खड्डा भरायला छातीचा स्नायू त्याच्यावरच्या कातडीसकट फिरवून, गळपट्टीच्या हाडावरून वर तोंडात आणला. पायातलं हाड घेऊनही जबडा बनवता येतो, पण मायचा गेलेला भाग मागचा होता, म्हणून छातीचं मांस पुरेल असं ठरलं. गळ्याला श्वासासाठी भोक, नाकात खाण्याची नळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओळखीची वाटली ती फक्त पायातली जोडवी.

गळ्याच्या भोकामुळे आवाज निघत नव्हता आणि लिहिता येत नाही. मग तिनंच पद्धत काढली: पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवायची, एकदा म्हणजे कफ काढा, दोनदा म्हणजे पाणी. नर्सबाईंनाही ते पाठ झालं. हप्त्याभरात भोक बंद केलं. नळी मात्र राहिली.

या सगळ्या इलाजात सर्जनचा दिवस एक, आणि नळीचे, गुळण्यांचे, काड्यांचे दिवस घरच्यांचे. हे आधी कोणी सांगत नाही. नळीतून दर दोन तासांनी एक मोठा पेला द्यायचा, ताठ बसवून, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. दूध, मलमलनं गाळलेलं वरण, ज्वारीची पातळ आंबील, अंड्याचा पांढरा भाग, मोसंबीचा रस. प्रत्येक वेळी शेवटी साधं पाणी ढकलायचं, नाहीतर नळी आतून बसते. माझ्या बायकोनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर घड्याळाच्या वेळा कोळशानं लिहून ठेवल्या होत्या. आहारतज्ज्ञ मॅडम वजनावरून बोलणी खायला लावायच्या, तेही बायकोलाच. मी मागे उभा.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. कडा साफ, म्हणजे कापलेल्या काठावर कॅन्सर नाही. मानेतल्या गाठीत होता, पण गाठीचं आवरण फुटलेलं नव्हतं. हा मुद्दा महत्त्वाचा असतो: आवरण फुटलं असतं किंवा कडा साफ नसत्या तर शेकासोबत केमोही द्यावी लागली असती. मायचं नुसत्या शेकावर आलं. 30 बैठका, मिळून 60 ग्रे (ग्रे हे शेकाचं माप), हप्त्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सुटी. ऑपरेशननंतर सहा हप्त्यांच्या आत सुरू व्हायलाच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमकी कापूस वेचणीची घाई. कापूस बोंडात लोंबत राहिला, आम्ही नागपुरात खोली केली.

शेकाच्या आधी चेहऱ्याचा साचा घेतात. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात टाकली की ओल्या पापडासारखी मऊ पडते. ती तोंडावर-मानेवर दाबून बसवतात, थंड झाली की तोच मुखवटा. रोज तो टेबलाला खिळवून मगच मशीन फिरवतात, म्हणजे मान केसभरही हलत नाही. पहिल्या दिवशी माय बाहेर आली आणि जडावलेल्या जिभेनं म्हणाली, "हळदीच्या टायमाले बी एवढं कोणी दाबून नव्हतं धरलं मले."

पहिले दोन हप्ते काहीच वाटलं नाही. तिसऱ्यात तोंड आतून सोललं, थुंकी चिकट दोरीची झाली, चव गेली. मानेची कातडी काळी पडली, मग ओली झाली. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा टाकून दिवसातून अनेकदा गुळण्या, जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध, मानेला सुती मऊ लुगड्याचा तुकडा. हळद, तेल, राख काहीही लावायचं नाही. तरी एक आत्या हळदीची वाटी घेऊन नागपूरपर्यंत आलीच. पाचव्या हप्त्यात माय म्हणाली, बस झालं, घरी चल. मी समजावून थकलो. शेवटी स्वरयंत्रवाले काका कामी आले. त्यांची बैठक तिच्या आधीची असायची. ते आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, मधात सोडलं तं आतापर्यंतचं वाया जाते." डॉक्टरही हेच सांगत होते, शेकात खंड पडला की कॅन्सरला उसंत मिळते. काकांचं तिनं ऐकलं. संक्रांतीच्या सुमारास शेवटची बैठक झाली.

नंतरचं काम काड्यांचं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. नाही केलं तर शेकानं तोंड आणखी आवळतं, आणि हिचं आधीच खर्ऱ्यानं आवळलेलं. डाव्या खांद्यासाठी भिंतीवर बोटं चढवायची, कारण मानेच्या ऑपरेशनमध्ये खांद्याची नस ताणली जाते. काड्यांचा व्यायाम ती करते, भिंतीचा टाळते. म्हणते, वर हात नेऊन मले कोणता झेंडा लावाचा हाय.

चव बरीच आली आहे, थुंकी कमीच आहे, पाण्याची बाटली सोबत लागते. चेहरा डावीकडे दबलेला आहे. बोललेलं घरच्यांना सगळं कळतं, फोनवर अर्धं. पहिलं वर्षभर दर दीड-दोन महिन्यांनी तपासणी, कारण परत यायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतं. मानेला शेक लागल्यानं थायरॉइड मंदावू शकतो, म्हणून त्याचंही रक्त मधूनमधून तपासतात. तंबाखू ऑपरेशनच्या आधीच सुटली. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर मी टोळीतल्या दोघींना लावून दिला. त्यातली एक अजून खर्ऱ्याशिवाय आहे, दुसरी माझ्या दुकानासमोरून तोंड फिरवून जाते.

दुकानात मात्र नवीनच काम लागलं आहे. लोक फॉर्मसोबत तोंडही दाखवतात. मोबाइलची टॉर्च लावून मी पाहतो, पण मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून लायनीतल्या डॉक्टरांकडे पाठवतो. एका गुरुजींची जखम नुसती घासणाऱ्या दाताची निघाली; दात गुळगुळीत केला, भरून आली. एक ट्रॅक्टरवाला पोरगा आला, त्याच्या गालात पांढरा चट्टा. त्याचा तुकडा तपासला, कॅन्सर नाही, पण खर्रा बंद करून दर तीन महिन्यांनी दाखवत राहायला सांगितलं आहे. परवा तो पीकविम्याच्या पावतीसाठी आला आणि म्हणाला, चट्टा कमी झालाय का ते फोटो काढून सांग. फोटो काढून दिला. सांगायचं काम डॉक्टरांचं, म्हणून त्याला तिकडे नेऊन सोडलं.